जानेवारीत गाडीनं मनाली-सिस्सू : वायपरवरच्या बर्फाचं काय करायचं?

खानापूर_रोड
१४ डिसेंबर, रात्री ९.५२

मंडळी, बेळगावात बसून बर्फाबद्दल विचारतोय म्हणून हसू नका.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं (मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको) आपलीच गाडी घेऊन मनालीला निघालोय. रस्ता उघडा असला तर अटल बोगद्यातून पलीकडं सिस्सूपर्यंत. गाडी डिझेल आहे, सहा वर्षांची. टायर, बॅटरी, कूलंट सगळं बघून घेतलं. अडलंय ते वायपरपाशी.

कारण मागच्या फेब्रुवारीतला अनुभव. मनालीत भाड्यानं गाडी घेतली होती, सोलंगहून खाली येत होतो. हिम भुरभुरत होतं. हीटर फुल्ल. तरी दहा मिनिटांत वायपरच्या पात्यावर बोटभर जाड बर्फाची वळकटी तयार. पातं काचेला टेकेचना. दोन्ही टोकांना फराटे पुसले जात होते आणि मधला पट्टा, जिथनं मी बघतोय नेमका तोच, तसाच पांढरा. मग मी शहाणपणा केला. पाणी मारायचं बटण दाबलं. पाणी फुर्रकन काचेवर आलं आणि तिथंच थिजलं. पुढचं काही म्हणजे काही दिसेना. खिडकीतून मुंडकं बाहेर काढून गाडी कडेला घेतली. बायको हा किस्सा आता प्रत्येक लग्नात सांगते.

यंदा तसं होऊ नये म्हणून काय करायचं? ज्यांनी बर्फात गाडी चालवली आहे त्यांनी सांगा. बाकीच्यांनीही सांगा, अडवणार कोण.

---

तवंदी_घाट
१४ डिसेंबर, रात्री १०.१०

आमी निपाणीवाले डिसेंबरात पहाटे वायपर लावतो ते धुक्यासाठी, आनि ऊसाच्या ट्रॉलीवरनं उडणाऱ्या पाल्यासाठी. बर्फ आमाला गोळ्यातलाच ठाऊक.

खरं एक सोपं सांगतो. थर्मासात गरम पाणी ठेव. सकाळी काचेवर ओतलंस की सगळं मोकळं. हाय काय त्यात.

---

उद्यमबाग_मेस्त्री
१४ डिसेंबर, रात्री १०.२६

गरम पाणी नको. निपाणीवाल्या, तुझा सल्ला ऐकून उद्या कोणी काच फोडून घेतली तर बिल तुझ्या नावानं पाठवणार.

पुढची काच एक नसते. दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ पडदा घालून ती चिकटवलेली असते. बाहेर उणे आठ-दहा, आणि त्यावर तू चहाचं आधण ओतणार. पाणी पडलं तेवढी काच एकदम फुगायला बघते, शेजारची जागची हलत नाही. हायवेवर खडी लागून टिचका पडलेला असेल तर तिथनंच चीर पळते. कोल्हापूर ते पुणे खडीच्या डंपरमागनं जाऊन टिचका नाही अशी काच मला दाखवा.

दुसरं म्हणजे ओतलेलं पाणी जातं कुठं? काचेच्या बुडाशी, बॉनेटच्या वरच्या जाळीत. तिथंच वायपरचं लिंकेज असतं, म्हणजे मोटरीला वायपर जोडणाऱ्या दांड्या. पाच मिनिटांत ते पाणी तिथं गोठतं आणि वरनं मोकळा दिसणारा वायपर खालनं जाम होतो.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. वायपर चालू ठेवूनच गाडी बंद करायची सवय असेल तर ती बेळगावातच सोडून जा. सकाळी चावी फिरवली की पातं काचेला चिकटलेलं आणि मोटर ओढतेय. फ्यूज गेला तर नशीब समज. नाहीतर लिंकेजचा बॉल निखळतो, किंवा आर्मच्या बुडातले दाते घासून जातात. मग मोटर फिरते पण वायपर जागचा हलत नाही. नवीन गाड्यांना पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर असतात, ते तर आधी बंद करायचे. सेन्सरला बर्फ आणि पाऊस यातला फरक कळेलच असं नाही.

---

तवंदी_घाट
१४ डिसेंबर, रात्री १०.३१

बरं बरं. थर्मासात चहाच भरा मग.

---

शहापूर_ते_एडमंटन
१५ डिसेंबर, सकाळी ८.०५

माहेर शहापूर, गेली बारा वर्षं मुक्काम एडमंटन, कॅनडा. इथं उणे पंचवीस झालं तरी शाळेला सुट्टी नसते, त्यामुळे वायपर हा आमच्या घरात नेहमीचा विषय. जरा सविस्तर लिहिते.

दादा, तुमचा हीटर फुल्ल होता तरी बर्फ कसा झाला, असं तुम्हाला वाटतंय. खरं तर हीटर *होता म्हणूनच* झाला. काच आतून कोमट असते. तिच्यावर पडलेलं हिम वितळतं. वायपर ते पाणी ओढून कडेला नेतो. पण वायपर स्वतः बाहेरच्या वाऱ्यात असतो, त्याला कोण गरम करणार? पाणी त्याच्या अंगावर गोठतं. प्रत्येक फेरीत एक पातळ थर, भाकरीवर पदर सुटावेत तसा.

म्हणजे अर्धवट कोमट काच ही सगळ्यात वाईट. दोनच टोकं बरी. हिम ओलं असेल, तापमान शून्याच्या आसपास असेल, तर गरम हवा पूर्ण काचेकडे सोडायची, पायाकडे नाही. वायपर जिथे विसावतात ती खालची पट्टी तापली पाहिजे. उलट कडाक्याची थंडी असेल आणि हिम पिठीसाखरेसारखं कोरडं असेल, तर काच गारच राहू द्यायची. कोरडं हिम गार काचेवर चिकटत नाही, वाऱ्यानं उडून जातं. तेव्हा वायपर लावायचेच नाहीत. हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं. मी हीटर वाढवत राहिले आणि बर्फही वाढत राहिला.

आता पातं. तुमच्या गाडीला कदाचित सांगाड्याचं जुनं पातं असेल, मधे कमान आणि तिला छोट्या कमानी जोडलेल्या. त्या सांध्यांत बर्फ भरला की पातं काचेच्या गोलाईप्रमाणे वाकत नाही. तुमचा मधला पट्टा पांढरा राहिला तो त्याचमुळे असावा. सपाट, बिनसांध्याचं पातं घ्या. त्यालाही बर्फ लागतो, पण अडकायला खाचा नसतात आणि हातानं सोलून निघतो. इथं सांगाड्याला रबरी पिशवी चढवलेलं खास हिवाळी पातंही मिळतं. आठवड्याच्या सहलीसाठी ते शोधत बसू नका.

रात्रीचं असं करा. मुक्कामाला पोचलात की वायपर बंद करून मगच गाडी बंद. मग चारही दारं मिनिटभर उघडी ठेवा. वेडेपणा वाटेल, पण आतली ऊब गेली नाही तर रात्री पडणारं हिम आधी वितळतं आणि मग काच-वायपर मिळून एकच बर्फाची लादी होते. पात्याची रबरी धार कोरड्या फडक्यानं पुसा. पाती काचेपासून उचलून उभी ठेवा किंवा त्यांना जुने मोजे घाला. वारा जोराचा असेल तर उभी ठेवू नका. स्प्रिंगचा आर्म रिकामा काचेवर आपटला तर काच जाते.

आणि हो, त्या बटणाचं. टाकीत काय भरलंय?

---

खानापूर_रोड
१५ डिसेंबर, सकाळी ८.४०

ताई, मनापासून आभार. हीटरचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

टाकीत पाणी आहे. टिळकवाडीच्या नळाचं. त्यात शॅम्पूचा एक सॅशे.

---

शहापूर_ते_एडमंटन
१५ डिसेंबर, सकाळी ८.४४

बाप रे.

शॅम्पूनं पाण्याचा गोठणबिंदू जवळपास हलत नाही. ते पाणी नुसतं काचेवर गोठेल असं नाही. रात्री उभ्या गाडीत टाकी फुगून चिरेल, पंप फुटेल. निघायच्या आधी टाकी *पूर्ण* रिकामी करा. हिवाळी वॉशर द्रव ऑनलाइन मिळतं. इथं उणे चाळीसचं लेबल असलेलं कॅन पेट्रोल पंपावर मिळतं. तुम्हाला उणे वीस-पंचवीसचं पुरे. लेबल वाचून घ्या, पाणी मिसळून वापरायचं की तसंच. पाणी मिसळलं की तो आकडा वर सरकतो.

यातल्या बऱ्याच द्रवांत मिथेनॉल असतं, ते विषारी आहे. मुलांच्या हाताशी ठेवू नका. आणि कोणी सांगितलं की 'कूलंटच ओत टाकीत', तर ऐकू नका. काचेवर तेलकट ओघळ येतात, आणि ते गोड असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

एक शेवटचं. द्रव कितीही चांगलं असलं तरी गार काचेवर मारू नका. त्यातलं अल्कोहोल वाऱ्यानं भर्रकन उडतं, उडताना काच आणखी गार करतं, आणि मागं राहिलेलं पाणी गोठतं. आधी काच गरम, मग फवारा.

---

बेळगुंदी_हवालदार
१५ डिसेंबर, दुपारी १.१५

नमस्कार. मी लष्कराच्या एएससीत (आर्मी सर्व्हिस कोअर) चालक होतो, हवालदार म्हणून रिटायर. द्रासला दोन हिवाळे काढलेत. हितं बरेच जण हिवाळा म्हणजे सकाळी स्वेटर समजतात.

आमच्या टायमाला वॉशर द्रव वगैरे काय नव्हतं. आमी काय करायचो, तर संध्याकाळी ट्रक लावला की वायपरचं पातं काढूनच घ्यायचं. दोन मिनटाचं काम. पातं बरॅकमध्ये, बुखारीपासनं (खोली तापवायची शेगडी) हातभर लांब. अगदी जवळ ठेवलं तर रबर कडक होतंय, तेचा उपयोग नाही. सकाळी कोरडं, मऊ पातं बाहेर जाऊन लावायचं. आता तुमच्या हुकच्या पात्याला तर तेवढंबी कष्ट नाहीत. खरं पातं काढल्यावर नुसता आर्म काचेवर सोडू नका, खाली कापड गुंडाळा. लोखंड काचेवर पडलं की संपलं.

काचेवर पोतं टाकायचो. कोरडं पोतं. वल्लं पोतं टाकलेल्या एका पोरानं सकाळी पोतं ओढलं, ते निम्मं काचेवरच राहिलं. दुपारपर्यंत सूर्याची वाट बघत बसला.

गाडी उभी करताना तोंड पूर्वेला. पहिलं ऊन काचेवर पडतंय. डोंगराच्या सावलीत लावलीस तर अकरापर्यंत बस. आनि हँडब्रेक ओढू नको, केबल गोठती. गियरमध्ये टाक, चाकाला दगड लाव.

डिझेल बेळगावचं भरून वर नेऊ नको. हितलं डिझेल तिकडं मेणावतं. टाकी खाली करत जा, मनालीत भर. लडाखसाठी उणे ३३ पर्यंत न गोठणारं डिझेल इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये काढलं, तेच्या आधी आमी टाकीखाली शेकोटी करणारे लोक बघितलेत. तसलं काय करू नका.

---

कॅम्पातला_पक्या
१५ डिसेंबर, दुपारी १.४०

मामा, नमस्कार. लष्कराच्या मराठा सेंटरच्या भिंतीशेजारी वाढलोय, त्यामुळं धीर करून विचारतो. रम काचेवर मारली तर चालते का? अल्कोहोलच की.

---

बेळगुंदी_हवालदार
१५ डिसेंबर, दुपारी २.०२

४२.८ टक्के असतंय. गोठणार नाही, बरोबर हाय तुझं. खरं अख्ख्या सर्व्हिसमध्ये काचेवर रम ओतणारा मानूस मी बघितला नाही. असता तर तेला आमीच गाडीखाली घातला असता.

---

सदाशिवनगर
१५ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०

रात्री कापलेला कांदा किंवा बटाटा काचेवर आणि वायपरवर चोळला की बर्फ धरत नाही. खूप ठिकाणी वाचलंय. व्हिनेगर पण चालतं. मिठाचं पाणी तर हमखास.

ता.क. धाग्याच्या शीर्षकात गावाचं नाव 'बेळगावी' असं...

---

संपादक
१५ डिसेंबर, संध्याकाळी ६.४१

शीर्षकात गावाचं नावच नाही. आणि असतं तरी त्या वादासाठी वेगळा धागा आहे, एकशे चाळीस पानांचा. इथं फक्त बर्फ.

---

चोर्ला_रोजचा
१५ डिसेंबर, रात्री ९.१२

मी आठवड्यातनं तीनदा जांबोटी-चोर्लामार्गे गोव्याला जातो. बर्फाचं माहीत नाही, पण एक गोष्ट आधी ओळखायला शिका, काच *कुठल्या बाजूनं* धूसर झालीय ती. जुलैत चोर्लात आत एसीनं काच गार आणि बाहेर दमट हवा, म्हणून धुकं बाहेरच्या बाजूला बसतं. लोक आत फडकं मारत राहतात. हिमाचलात उलटं होणार. बाहेर गार आणि आत चौघांचे श्वास, त्यात बुटाला लागून आलेलं हिम पायपुसण्यावर वितळणार. काच आतून धूसर होईल आणि तुम्ही वायपर लावत बसाल.

आतली हवा फिरवायचं बटण बंद, बाहेरची ताजी हवा चालू, आणि गरम हवेबरोबर एसीसुद्धा चालू. एसी हवेतलं पाणी काढतो. शून्याजवळ बऱ्याच गाड्यांचा एसी आपोआप बंद पडतो, तेव्हा खिडकी बोटभर खाली. हातानं काच पुसू नका, बोटांच्या तेलानं रात्री समोरच्या दिव्यांचे झुपके दिसतात.

---

उद्यमबाग_मेस्त्री
१७ डिसेंबर, रात्री ११.२०

कांदा-बटाटा वाचल्यापासनं चैन पडेना. आमच्या ओळखीच्या एकाचं आइस्क्रीमचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीतला एक डीप फ्रीझर हिवाळ्यात अर्धा रिकामाच असतो. उणे अठरावर चालतो. रविवारी दुकान बंद झाल्यावर तिथं गेलो. सोबत दोन जुनी वायपर पाती (एक सांगाड्याचं, एक सपाट), काचेचे चार तुकडे, सहा कप. दुकानदार म्हणाला, "मलईला कांद्याचा वास आला तर तू घेऊन जायचीस सगळी." कबूल केलं.

पाती आधी पाण्यात भिजवून ठेवली, तीन तासांनी काढली. सांगाड्याचं पातं काठीसारखं ताठ. प्रत्येक सांध्यात बर्फ, वाकवलं की कडकड आवाज. सपाट पात्यावर बर्फ होता पण दोन्ही हातांनी जरा वाकवल्यावर पापुद्र्यासारखा सुटला. एडमंटनच्या ताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. दुसऱ्या फेरीत सपाट पात्याच्या रबराला सिलिकॉनचा हलका हात मारून मग भिजवलं. बर्फ धरला, पण बोटानं ढकलल्यावर निघाला. लक्षात ठेवा, सिलिकॉन फक्त रबराला आणि पुसून. काचेवर गेलं तर पावसात ओघळ.

आता कप. शॅम्पूचं पाणी: दगड. वास मोगऱ्याचा, पण दगड. व्हिनेगर: दगड. व्हिनेगर म्हणजे पंच्याण्णव टक्के पाणीच की. मिठाचं पाणी, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाकलेलं: गोठलं नाही! सदाशिवनगरवाल्यांना अर्धा मार्क. पण त्यातच मी एक नट टाकून ठेवला होता. आज, दोन दिवसांनी, तो तांबडा झालाय. तुमच्या बॉनेटच्या जाळीत, आर्मच्या बुडाशी हेच होणार. वर काचेवर मिठाचा पांढरा थर वेगळा.

मेडिकलमधलं सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग आणि पाणी एक भाग: पातळच्या पातळ. हे मिश्रण फवाऱ्याच्या बाटलीत भरून घेऊन जा. बर्फ धरलेल्या पात्यावर, काचेवर मारा, मिनिटभर थांबा, प्लास्टिकच्या कडेनं खरवडा. जुनं एटीएम कार्ड चालतं, चावी किंवा पत्रा नाही. उणे पंधरापर्यंत भागेल. ही बाटली सिगारेटवाल्या मेहुण्यापासून लांब ठेवा. पेटतं. बर्फ खरवडताना तोंडात विडी नको.

कांदा. काचेच्या एका तुकड्याला अर्ध्या भागात कांदा, दुसऱ्याला बटाटा, चोळून ठेवला. बाहेर काढून दोन मिनिटं ठेवल्यावर हवेतल्या दमटपणानं दव धरलं आणि गोठलं. चोळलेल्या आणि न चोळलेल्या भागात मला काही फरक दिसला नाही. फक्त चोळलेल्या भागाला वास होता.

मलई मला घ्यावी लागली नाही.

---

सदाशिवनगर
१७ डिसेंबर, रात्री ११.४५

अर्धा मार्क मंजूर.

---

तवंदी_घाट
१८ डिसेंबर, सकाळी ७.३०

मेस्त्री, तुमी एवढं केलात, खरं गरम पाण्याचं नाही तपासलं. भीती वाटली काय?

---

उद्यमबाग_मेस्त्री
१८ डिसेंबर, सकाळी ९.०१

चार नंबरचा तुकडा त्यासाठीच होता. टिचका असलेली जुनी साधी काच. अर्धा कप गरम पाणी. 'टक्क' असा आवाज आला आणि दुकानदार बाहेर पळत आला. पुढं विचारू नकोस.

---

खानापूर_रोड
३ जानेवारी, रात्री १०.३०

परवा पहाटे निघतोय. केलेली तयारी:

जुनं पातं काढून सपाट बसवलं (ताई बरोबर होत्या, सांगाड्याचंच होतं). उणे पंचवीसचं द्रव मागवलं. टाकी रिकामी करायला खालचा पाइप काढला, बादलीत मोगऱ्याचा वास. द्रव भरून काचेवर फवारे मारले, नोझलमधनं निळा रंग येईपर्यंत. मेस्त्रींची बाटली केली. मोजे चार जोड, तेही बायकोनं दिलेले, म्हणजे फाटके. कोरडं पोतं म्हणून आईनं हळदीचं रिकामं पोतं दिलं. पुढच्या काचेवरचा टिचका राळ भरून बंद करून घेतला.

पुण्याला मुक्काम, मग पुढं जसं जमेल तसं. भेटू.

---

शहापूर_ते_एडमंटन
३ जानेवारी, रात्री ११.१५

हळदीचं पोतं नीट झटका. ओल्या काचेवर हळद म्हणजे लग्नघर.

---

खानापूर_रोड
२३ जानेवारी, रात्री ९.४०

काल रात्री परतलो. मुंडकं खिडकीबाहेर काढावं लागलं नाही. बायकोची निराशा झाली.

थोडक्यात सांगणार होतो, पण जमेल असं वाटत नाही.

मनालीत पहिल्या रात्री मेहुण्यानं मोजे चढवले, पण त्याआधी ते हिमात पडले होते हे कोणाला सांगितलं नाही. सकाळी मोजे पात्यासकट लाकूड. दुसऱ्या रात्रीपासून हवालदार मामांची पद्धत. पाती काढून हॉटेलच्या खोलीत, आर्मला टॉवेल. हॉटेलचा पोरगा विचारत होता, 'साहब, वायपर चोरी होता है क्या आपके यहाँ?' काय सांगणार.

दारं उघडून गाडी गार करायचा उपाय तीन रात्री केला, एका रात्री कंटाळा केला. फरक दिसला. त्या एका सकाळी पाऊण तास खरवडत होतो. एटीएम कार्डाचे दोन तुकडे झाले.

बोगद्याचं एक कोणी सांगितलं नव्हतं. सोलंगच्या बाजूला हिम पडत होतं, बॉनेटवर, वायपरच्या बुडाशी साचलेलं. ९.०२ किलोमीटरचा बोगदा, आत बाहेरच्यापेक्षा ऊब. ते सगळं वितळलं आणि पाणी पात्यांवर आलं. लाहौलच्या तोंडाला बाहेर पडलो तर गाडीतला आकडा उणे अकरा. अर्ध्या मिनिटात पातं पांढरं व्हायला लागलं. मला आता कारण माहीत होतं, म्हणून घाबरलो नाही. तोंडापासून पुढं रस्ता रुंद आहे तिथं थांबलो, बाटली मारली, पातं हातानं वाकवून बर्फ सोलला. ऊन पडलेलं, हिम कोरडं, म्हणून काचेची हवा बंद केली आणि सिस्सूपर्यंत वायपर लावलाच नाही. हिम काचेवरनं घसरत वर जात होतं, रांगोळी फुंकल्यासारखं. ताई, ते बघून तुमची आठवण झाली.

येताना बोगद्यात शिरायच्या आधीच बॉनेट आणि वायपरचं बूड झाडून घेतलं. मनालीच्या बाजूला काही त्रास नाही.

आता चूक. पुढच्या वायपरची एवढी काळजी घेतली, आणि मागचा? मागचा वायपर कोणाच्याच लक्षात नव्हता. ना माझ्या, ना इथं तुमच्या. सिस्सूत मेहुण्यानं मागचं काही दिसत नाही म्हणून बटण फिरवलं. पातं काचेला चिकटलेलं होतं. रबर अर्धं काचेवर, अर्धं हातात. मग पाणी मारलं, तर मागं काहीच येईना. काल बेळगावात आल्यावर डिकीच्या आत ओल दिसली.

---

उद्यमबाग_मेस्त्री
२३ जानेवारी, रात्री ९.५८

आता कळलं. टाकी एकच, पण मागं जाणारा पाइप आख्ख्या गाडीच्या लांबीचा असतो. तू फवारे मारलेस ते पुढच्या काचेवर. पुढच्या पाइपात निळं द्रव आलं. मागच्या पाइपात टिळकवाडीचं शॅम्पूचं पाणी तसंच राहिलं. ते उणे अकराला गोठलं, फुगलं, आणि डिकीच्या बिजागरीजवळचा जोड निसटला. आता बटण दाबलं की पाणी छतातनं आत.

चूक माझी. मी सांगायला पाहिजे होतं, मागचा फवारा पण रंग येईपर्यंत मारायचा. आणून दाखव, पाइप बसवून देतो. पैसे नकोत. मागचं पातं मात्र तू आण.

---

बेळगुंदी_हवालदार
२४ जानेवारी, सकाळी ६.५०

आमच्या ट्रकला मागं काच नव्हती, ताडपत्री होती. म्हणून सुचलं नाही. पोरगं सुखरूप आलं, बरं झालं.

---

तवंदी_घाट
२४ जानेवारी, सकाळी ८.१५

ते निळं पाणी उरलंय काय? आमच्या घाटात पहाटे धुक्यात चालतंय काय बघूया म्हणतो. कारखाने चालू हायत, ट्रॉलीला मागं दिवा नसतोय, काच साफ पायजेच.

---

खानापूर_रोड
२४ जानेवारी, सकाळी ८.३०

दीड लिटर आहे. बाहेरच्या धुक्याला त्याचा काही उपयोग नाही, त्याला नुसता वायपर पुरतो. किडे आणि चिकट पाला मात्र छान निघतो. शनिवारी उद्यमबागेत मेस्त्रींकडं येतोय, तिथं ये, घेऊन जा. येताना निपाणीतनं मागच्या वायपरचं पातं मिळालं तर बघ, बारा इंची. इथं तीन दुकानांत नाही मिळालं.